मीरा-भाईंदर परिसरातील वन्यजीव छायाचित्रण

मीरा-भाईंदर परिसरातील वन्यजीव छायाचित्रण म्हणजे महाराष्ट्राच्या ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर शहर व त्याला लागून असलेले वन, खाडी, मिठागरे आणि समुद्रकिनारा येथील प्राणी, पक्षी, कीटक व सागरी जीव यांची छायाचित्रे घेण्याची, त्यांची नोंद ठेवण्याची आणि त्यांद्वारे स्थानिक रहिवाशांना परिसरातील निसर्गाची ओळख करून देण्याची पद्धती होय. दूरच्या अभयारण्यांत जाऊन केल्या जाणाऱ्या छायाचित्रणाहून हा प्रकार वेगळा आहे. येथे छायाचित्रातील प्राणी आणि छायाचित्र पाहणारा माणूस एकाच परिसराचे रहिवासी असतात. त्यामुळे छायाचित्राचा परिणाम प्राण्याविषयीच्या लोकमतावर, वन विभागाच्या धोरणावर आणि कधी कधी प्राण्याच्या जगण्यावरही होतो.

या परिसराशी निगडित सर्वांत परिचित उदाहरण संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील बिबट्यांचे आहे. स्वयंचलित कॅमेऱ्यांनी घेतलेल्या छायाचित्रांमुळे या बिबट्यांची संख्या व वैयक्तिक ओळख निश्चित झाली आणि त्यांच्याकडे पाहण्याच्या शहराच्या दृष्टिकोनात बदल घडण्यास मदत झाली.

भौगोलिक पार्श्वभूमी

मीरा-भाईंदर नगरपरिषद १९८५ मध्ये स्थापन झाली व २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. शहराचे क्षेत्रफळ सुमारे ७९ चौ. किमी असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ८ लाखांहून अधिक होती. शहराच्या उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र, तर पूर्व व आग्नेय बाजूस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची वनराई आहे. खाडीपलीकडे वसई तालुक्यात तुंगारेश्वर वन्यजीव अभयारण्य आहे.

या रचनेमुळे शहराला तीन भिन्न अधिवासांच्या कडा लाभल्या आहेत. काशीमिरा, घोडबंदर व चेणे या बाजूस पानझडी वन आहे. भाईंदर, नवघर, खारी, राई, मुर्धे व मोर्वा या गावांच्या परिसरात खाडी, कांदळवन आणि मिठागरे आहेत. उत्तन, पाली, चौक व डोंगरी या भागात खडकाळ व वालुकामय किनारा, टेकड्या आणि मच्छीमार वस्त्या आहेत. वनालगतच्या आदिवासी पाड्यांवरील वारली व इतर समाज, मिठागरे व शेती यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या संबंध असलेला आगरी समाज आणि किनाऱ्यावरील कोळी व ख्रिस्ती समाज हे येथील जुने रहिवासी होत. १९८० च्या दशकानंतर झपाट्याने वाढलेल्या गृहसंकुलांत राहण्यास आलेल्या बहुसंख्य लोकांचा मात्र या अधिवासांशी दैनंदिन संबंध राहिलेला नाही. स्थानिक छायाचित्रणाचे महत्त्व प्रामुख्याने या दुसऱ्या वर्गाच्या संदर्भात सांगितले जाते.

छायाचित्रापूर्वीची परंपरा

वन्यप्राण्याची प्रतिमा घडवून तिच्याद्वारे त्याच्याशी नाते जोडण्याची रीत या भागात कॅमेऱ्याहून कितीतरी जुनी आहे. ठाणे, पालघर व मुंबई उपनगर या जिल्ह्यांतील वारली समाज वाघोबाची पूजा करतो. दगडावर किंवा लाकडावर कोरलेल्या, शेंदूर लावलेल्या या देवतेत वाघ व बिबट्या या दोन्ही प्राण्यांचा अंतर्भाव होतो. रम्या नायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा १५० वाघोबा-स्थानांची नोंद आहे. वाघोबाला वेळेवर मान दिला तर तो माणसाचे व गुराढोरांचे रक्षण करतो, अशी श्रद्धा आहे. म्हणजे प्राण्याचे सामर्थ्य मान्य करणे, त्याचे स्थान राखणे आणि स्वतः काही मर्यादा पाळणे, असे या नात्याचे स्वरूप आहे. त्यात भय आहे, परंतु प्राण्याला परिसरातून हाकलून देण्याची कल्पना नाही.

भारतात वन्यप्राण्यांची छायाचित्रे त्यांच्या नकळत घेण्याचे पद्धतशीर प्रयत्न १९२० च्या दशकात ब्रिटिश वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी केले. वाटेवर तार बांधून प्राण्याच्या पावलानेच कॅमेरा व प्रकाशझोत चालू होईल अशी रचना ते करीत. त्यांचे याविषयीचे पुस्तक १९२७ मध्ये प्रकाशित झाले. बंदुकीऐवजी कॅमेरा वापरावा, हा त्यांचा आग्रह शिकारीच्या त्या काळात वेगळा होता. पुढे १९९० च्या दशकात के. उल्लास कारंथ यांनी कर्नाटकातील नागरहोळे येथे स्वयंचलित कॅमेऱ्यांतील पट्ट्यांच्या रचनेवरून वाघ ओळखून त्यांच्या संख्येचा सांख्यिकीय अंदाज काढण्याची पद्धत रूढ केली. हीच पद्धत नंतर मुंबईलगतच्या बिबट्यांसाठी उपयोगात आली.

बिबट्यांचे छायाचित्रण

संघर्षाचा काळ

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे १०४ चौ. किमी असून त्याच्या भोवती दाट लोकवस्ती आहे. २००२ ते २००४ या काळात उद्यानाच्या आसपास बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे मृत्युमुखी पडली. वस्तीजवळ दिसलेला बिबट्या पिंजऱ्यात पकडून दुसरीकडे सोडणे, हा त्या वेळचा प्रचलित उपाय होता. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये जुन्नर परिसराविषयी प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून असे दिसून आले की, बिबट्यांच्या स्थलांतरणानंतर त्यांना सोडलेल्या भागांत माणसांवरील हल्ले वाढले होते. अनोळखी प्रदेशात सोडलेला प्राणी परत येण्याचा प्रयत्न करतो आणि रिकाम्या झालेल्या क्षेत्रात दुसरा बिबट्या येतो, ही बाब त्यानंतर अधिक चर्चेत आली.

‘आजोबा’

२००९ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक प्रौढ नर बिबट्या जीपीएस कॉलर लावून माळशेज घाटात सोडण्यात आला. महामार्ग व लोहमार्ग ओलांडत, माणसांना इजा न करता, सुमारे १२० किमी अंतर कापून तो मुंबईलगतच्या वनात पोहोचला. संशोधकांनी त्याला ‘आजोबा’ हे नाव दिले. २०११ मध्ये मुंबईलगतच्या महामार्गावर वाहनाच्या धडकेत त्याचा मृत्यू झाला. शरीरातील मायक्रोचिपवरून त्याची ओळख पटली. सुजय डहाके दिग्दर्शित ‘आजोबा’ हा मराठी चित्रपट २०१४ मध्ये या घटनेवर आधारून आला. बिबट्या हा निनावी ‘नरभक्षक’ नसून स्वतःचा मार्ग, सवयी व इतिहास असलेला जीव आहे, ही कल्पना या प्रकरणामुळे मराठी प्रेक्षकांपर्यंत पोहोचली.

ओळखपत्र म्हणून छायाचित्र

२०११ मध्ये उद्यानाचे तत्कालीन संचालक सुनील लिमये यांच्या कार्यकाळात वन विभाग, संशोधक व नागरिक यांच्या सहभागातून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू झाला. बिबट्यांचा शास्त्रीय अभ्यास, पत्रकारांसाठी कार्यशाळा, पोलीस व वनकर्मचारी यांच्यातील समन्वय आणि उद्यानालगतच्या वस्त्यांतील जनजागृती ही त्याची प्रमुख अंगे होती.

२०१५ मध्ये निकित सुर्वे यांनी भारतीय वन्यजीव संस्थेतील पदव्युत्तर अभ्यासासाठी उद्यानात स्वयंचलित कॅमेरे लावून ३५ बिबटे ओळखले. २०१८ च्या पाहणीत हा आकडा ४७ होता. पाहणीचे क्षेत्र दर वेळी सारखे नसते, त्यामुळे अशा आकड्यांतील फरक म्हणजे बिबट्यांची तितकीच वाढ, असा अर्थ काढता येत नाही.

ही ओळख बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांच्या रचनेवरून पटते. प्रत्येक बिबट्याची ठिपक्यांची मांडणी वेगळी असते आणि एकाच प्राण्याची डावी व उजवी बाजूही परस्परांपासून भिन्न असते. म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे बसवतात. प्राण्याच्या शरीराची उष्णता व हालचाल टिपणारा संवेदक कॅमेरा सुरू करतो आणि छायाचित्रावर दिनांक व वेळ उमटते. तोच बिबट्या वर्षानुवर्षे त्याच परिसरात दिसत असेल आणि तेथे हल्ल्याची घटना घडली नसेल, तर ‘वस्तीत बिबट्या घुसला’ या वाक्याचा अर्थ बदलतो. तो बाहेरून आलेला नसून पूर्वीपासून तेथेच वावरत होता, असे पुराव्यासह सांगता येते.

वस्तीतील बिबट्या

मुंबईतील छायाचित्रकार नयन खानोलकर यांनी आरे वसाहतीतील वारली पाड्याच्या अरुंद बोळातून रात्री जाणाऱ्या बिबट्याचे छायाचित्र घेतले. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत २०१६ मध्ये त्यास नागरी विभागाचा पुरस्कार मिळाला. या छायाचित्रासाठी त्यांना सुमारे चार महिने लागले. बोळातील नेहमीच्या दिव्याशी मिळताजुळता प्रकाश त्यांनी योजला व बिबट्या चौकटभर दिसणार नाही, अशा बेताने कॅमेरा लावला. परिणामी छायाचित्रात घरांच्या भिंती, बोळ आणि बिबट्या यांना सारखेच महत्त्व मिळाले. दीर्घ पल्ल्याच्या भिंगाने घेतलेल्या चित्रात बिबट्याचा चेहरा दिसतो, त्याचा शेजार दिसत नाही. या चित्राचा विषय मात्र शेजार हाच आहे.

अशाच प्रकारचे उदाहरण अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात आढळते. स्टीव्ह विंटर यांनी तेथील ग्रिफिथ पार्कमध्ये ‘हॉलिवूड’ या प्रसिद्ध फलकाच्या पार्श्वभूमीवर घेतलेले पी-२२ या प्यूमाचे छायाचित्र २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. महामार्गांनी तुटलेल्या अधिवासाचे प्रतीक म्हणून हा प्राणी परिचित झाला व वन्यजीवांसाठी महामार्गावर पूल बांधण्याच्या मागणीस बळ मिळाले. त्या पुलाचे काम एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाले. आजोबाचा मृत्यू ज्या कारणाने झाला, त्याच कारणाशी, म्हणजे वनाला छेदणाऱ्या रस्त्याशी, हा प्रश्न निगडित आहे. मीरा-भाईंदरच्या पूर्वेकडून जाणारा घोडबंदर रस्ता व मुंबई-अहमदाबाद महामार्ग याच वनाच्या कडेने जातात.

खाडी, मिठागरे व कांदळवन

मिठागरांतील उथळ पाणी व खाडीतील चिखलपट्टे हे पाणथळ पक्ष्यांचे खाद्यक्षेत्र असते. शेकाट्या, टिटवी, तुतारी, बगळे, पाणकावळा व खंड्या हे अशा ठिकाणी आढळणारे पक्षी होत. भरतीच्या वेळी चिखलपट्टे पाण्याखाली जातात आणि किनारी पक्षी उंचवट्यांवर व मिठागरांच्या बांधांवर एकत्र येतात. ही वेळ छायाचित्रणास सोयीची असली, तरी पक्ष्यांच्या विश्रांतीचीही तीच असते. थवा वारंवार उडवला गेल्यास लांबच्या स्थलांतरासाठी साठवलेली ऊर्जा खर्च होते.

ठाणे खाडीत हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी हे या भागातील पक्षी छायाचित्रणाचे सर्वांत लोकप्रिय आकर्षण आहे. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा सुमारे १७ चौ. किमी भाग रोहित पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला व २०२२ मध्ये त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. भाईंदरच्या मिठागरांत असा एकच नेत्रदीपक थवा पाहण्याऐवजी अनेक लहान, करड्या-तपकिरी पक्ष्यांत फरक करायला शिकावे लागते. तुतारीच्या विविध जाती ओळखताना चोचीची लांबी, पायांचा रंग व उडतानाची पंखांवरील पट्टी महत्त्वाची ठरते. या बाबी डोळ्यांपेक्षा छायाचित्रात अधिक निवांतपणे तपासता येतात.

कांदळवनात तिवर, कांदळ, चिप्पी इत्यादी वृक्ष, चिखलावर उड्या मारणारी निवटी, खेकडे व कोल्हे आढळतात. मुंबई महानगर प्रदेशातील कांदळवनांत सोनेरी कोल्ह्यांचे अस्तित्व आहे, याची शहरी रहिवाशांना फारशी कल्पना नसते. त्यांच्या अभ्यासातही स्वयंचलित कॅमेऱ्यांचा वापर झाला आहे. राज्याच्या वन विभागाने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. १७ सप्टेंबर २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या नाशास प्रतिबंध करणारा व्यापक निर्णय दिला. २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून घोषित झाला.

कांदळवन ‘ओसाड दलदल’ समजले जाते तोवर त्यात राडारोडा टाकणे लोकांना वावगे वाटत नाही. तेथील जीवांची नावानिशी, तारखेसह छायाचित्रे उपलब्ध झाल्यास तेच क्षेत्र एक वसलेले ठिकाण म्हणून दिसू लागते. उत्तनजवळील डोंगरी येथे मेट्रो मार्गिका ९ च्या कारशेडसाठी प्रस्तावित वृक्षतोड २०२५ मध्ये स्थानिक विरोधाचा विषय ठरली. दहिसर-भाईंदर दरम्यानचा नियोजित सागरी मार्गही कांदळवनांशी संबंधित आहे. अशा प्रकल्पांविषयीच्या चर्चेत परिसरात कोणते जीव, कोणत्या काळात व कोठे आढळतात, हा मूलभूत प्रश्न असतो आणि दिनांकित छायाचित्र हे त्याचे साधे उत्तर ठरू शकते.

समुद्रकिनारा व मच्छीमार

उत्तन, पाली व चौक येथे डोल जाळ्यांची मासेमारी व बोंबील वाळवण्याचा व्यवसाय चालतो. मासळी उतरवण्याच्या व वाळवण्याच्या जागी कुरव, घारी व बगळे जमतात. खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या डबक्यांत समुद्रफुले, समुद्रगोगलगायी, खेकडे व शिंपले दिसतात. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या उधाणात ओहोटीही मोठी असते आणि त्यामुळे किनाऱ्याचा अधिक भाग उघडा पडतो. भांगाच्या दिवसांत तो मर्यादित असतो. किनारी छायाचित्रणाचे वेळापत्रक म्हणूनच दिनदर्शिकेतील तिथीशी बांधलेले असते आणि मच्छीमारांचे पारंपरिक ज्ञान छायाचित्रकारांना थेट उपयोगी पडते.

मुंबईच्या किनाऱ्यांवर या प्रकारचे काम ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिक-उपक्रमाने २०१७ पासून केले आहे. प्रदीप पाताडे, अभिषेक जमालाबाद व सिद्धार्थ चक्रवर्ती हे त्याचे संस्थापक होत. जुहू, हाजी अली इत्यादी किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी नागरिकांसाठी पदभ्रमंती आयोजित करणे व आढळलेल्या जीवांची छायाचित्रे सार्वजनिक नोंदस्थळावर देणे, अशी त्यांची कार्यपद्धती आहे. गढूळ व प्रदूषित मानल्या गेलेल्या या किनाऱ्यावर प्रवाळांसह शेकडो जातींचे जीव असल्याचे अशा नोंदींतून लोकांसमोर आले.

मच्छीमार स्वतःच छायाचित्रकार होण्याचे एक वेगळे उदाहरण राज्याच्या नुकसानभरपाई योजनेत आढळते. जाळ्यात चुकून अडकलेले समुद्री कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क यांसारखे संरक्षित प्राणी जाळे कापून जिवंत सोडणाऱ्या मच्छीमारास कमाल २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची तरतूद महाराष्ट्र शासनाने २०१८ च्या अखेरीस केली. प्राणी सोडतानाचे छायाचित्र किंवा चित्रफीत हा त्यासाठीचा पुरावा असतो. पूर्वी ज्या घटनेचा साक्षीदार केवळ नावेवरील खलाशी असे, तिची दृश्य नोंद त्यामुळे किनाऱ्यावर येऊ लागली. या नोंदींतून कोणत्या जाती, कोणत्या हंगामात जाळ्यात सापडतात याचीही माहिती मिळते.

छायाचित्रापासून नोंदीपर्यंत

एखादे छायाचित्र निसर्गाची नोंद म्हणून उपयुक्त ठरण्यासाठी त्यासोबत दिनांक, ठिकाण व जीवाची ओळख असावी लागते. आय-नॅचरलिस्ट हे २००८ मध्ये सुरू झालेले व्यासपीठ या तत्त्वावर चालते. वापरकर्त्याने छायाचित्र दिल्यानंतर इतर सदस्य त्या जीवाची ओळख सुचवतात. दिनांक, ठिकाण व पुरावा असलेल्या नोंदीतील जातीविषयी दोन-तृतीयांशाहून अधिक मते जुळल्यास ती संशोधनयोग्य श्रेणीत जाते. पक्ष्यांसाठी २००२ मध्ये सुरू झालेले ई-बर्ड वापरले जाते. त्यात छायाचित्र ऐच्छिक असून पाहिलेल्या सर्व पक्ष्यांची यादी व त्यासाठी दिलेला वेळ यांना महत्त्व आहे.

शासकीय स्तरावर अशा माहितीचे स्थान म्हणजे लोकजैवविविधता नोंदवही होय. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करणे व अशी नोंदवही तयार करणे अपेक्षित आहे. या संकल्पनेच्या विकासात परिसंस्थाशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा होता. नोंदवहीत जातींच्या यादीबरोबरच स्थानिक नावे, उपयोग व पारंपरिक ज्ञानही नोंदवायचे असते. येथे छायाचित्र दोन ज्ञानपरंपरांतील दुवा ठरते. कोळी, आगरी किंवा वारली माणसाने चित्र पाहून सांगितलेले नाव आणि अभ्यासकाने दिलेले शास्त्रीय नाव एकाच जीवाचे आहे, याची खात्री चित्रामुळे होते.

साधने व हंगाम

पक्षी व सस्तन प्राण्यांसाठी साधारणतः ४०० ते ६०० मिमी नाभीय अंतराची दीर्घ पल्ल्याची भिंगे वापरतात. कीटक, कोळी व फुलांसाठी मॅक्रो भिंग उपयुक्त असते. सावकाश हालणारे जीव, वनस्पती, पाऊलखुणा व किनाऱ्यावरील जीव यांच्या नोंदीसाठी मोबाइल फोनचा कॅमेरा पुरेसा ठरतो. स्थानिक छायाचित्रणात हीच बाब निर्णायक आहे, कारण त्यामुळे सहभाग महागड्या साधनांवर अवलंबून राहत नाही.

जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत बेडूक, कोळी, गोगलगायी व कीटक विपुल असतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात व त्यानंतर फुलपाखरे अधिक दिसतात. त्यांपैकी राणी पाकोळी हे २०१५ पासून महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू आहे. ऑक्टोबर ते मार्च हा स्थलांतरित पक्ष्यांचा काळ होय. उन्हाळ्यात पाने गळाल्याने वनातील दृश्यमानता वाढते व प्राणी पाणवठ्यांजवळ येतात, परंतु याच काळात पाणवठ्यावर माणसांची गर्दी प्राण्यांना सर्वाधिक बाधक ठरते.

कायदेशीर तरतुदी

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने येथे छायाचित्रणासाठी प्रवेश देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकाकडे आहे. पर्यटकांसाठी खुल्या असलेल्या भागाबाहेर परवानगीविना जाणे गुन्हा ठरू शकते. या अधिनियमातील शिकारीची व्याख्या केवळ ठार मारण्यापुरती मर्यादित नाही. वन्यप्राण्याला आमिष दाखवणे, त्याला हाकणे, तसेच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणे यांचाही तीत समावेश होतो. चांगल्या छायाचित्रासाठी घरट्याभोवतीच्या फांद्या छाटणे किंवा बिबट्यासाठी मांस ठेवणे ही कृत्ये त्यामुळे नैतिकतेपुरती मर्यादित राहत नाहीत. बिबट्या, समुद्री कासवे, व्हेल शार्क व प्रवाळ यांना अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे.

नीतितत्त्वे व आक्षेप

वन्यजीव छायाचित्रणावरील प्रमुख आक्षेप असा की, ज्या प्राण्याविषयी आस्था निर्माण करायची, त्यालाच त्यातून उपद्रव होऊ शकतो. पक्ष्याला जवळ आणण्यासाठी त्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवणे, निशाचर प्राण्यांवर वारंवार प्रकाशझोत टाकणे, विणीच्या काळात घरट्याजवळ थांबणे, साप हाताळून छायाचित्रे काढणे आणि एका प्राण्याभोवती अनेकांनी गर्दी करणे ही त्याची नेहमीची उदाहरणे आहेत.

दुसरा आक्षेप ठिकाण उघड करण्याविषयी आहे. मोबाइलने घेतलेल्या छायाचित्राच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश नोंदलेले असू शकतात. दुर्मीळ पक्ष्याचे घरटे किंवा बिबट्याच्या पिल्लांची जागा त्यामुळे शिकाऱ्यांना व उत्साही गर्दीला कळते. यासाठी आय-नॅचरलिस्टवर संकटग्रस्त जातींचे नेमके ठिकाण आपोआप झाकले जाते. समाजमाध्यमांवर अशी सोय नसल्याने काळजी घेण्याची जबाबदारी छायाचित्रकारावर येते.

तिसरा आक्षेप संदर्भ तुटण्याविषयी आहे. बिबट्याचे जुने किंवा दुसऱ्या गावातील छायाचित्र ‘आपल्या संकुलाजवळ आज दिसला’ अशा मजकुरासह मोबाइल गटांवर फिरल्यास भीती पसरते, लोक काठ्या घेऊन जमतात व पिंजरा लावण्याची मागणी होते. गर्दीने वेढलेला बिबट्या अधिक धोकादायक असतो आणि अशा प्रसंगी माणूस व प्राणी दोघांनाही इजा होण्याचा संभव वाढतो. प्राणी ओळखीचा करणारे माध्यम हे असे आहे, की संदर्भ गळताच तेच अफवेचे वाहन बनते. बिबट्या केवळ दिसला म्हणून त्याला पकडण्याची गरज नसते. परिसरातील कचरा हटवणे व त्यावर वाढणाऱ्या भटक्या कुत्र्यांची संख्या आटोक्यात ठेवणे, रात्री पुरेसा उजेड ठेवणे आणि लहान मुलांना अंधारात एकटे न सोडणे हे उपाय वन विभाग व संशोधक सुचवतात. बिबट्याच्या छायाचित्रासोबत ही माहिती दिली गेल्यास भीतीची जागा सावधगिरी घेऊ शकते.

आणखी एक प्रश्न छायाचित्राच्या मालकीचा व श्रेयाचा आहे. पाड्यावरील किंवा कोळीवाड्यातील माणूस वाट दाखवतो, प्राण्याची वेळ सांगतो, परंतु छायाचित्र प्रसिद्ध होताना त्याचे नाव बहुधा येत नाही. छायाचित्र शहरातील प्रदर्शनात किंवा परदेशी नियतकालिकात पोहोचते आणि ज्या वस्तीत ते घेतले गेले तेथे ते कधी दाखवले जात नाही. अशा वेळी त्यातून निसर्गाशी जोडला जाणारा समाज दूरचा असतो. वस्तीतील शाळेत, समाजमंदिरात किंवा मासळी बाजारात त्याच परिसराची छायाचित्रे स्थानिक नावांसह मांडणे हा त्यावरील एक साधा उपाय आहे.

मर्यादा

छायाचित्रणातून मिळणाऱ्या माहितीला स्वाभाविक मर्यादा आहेत. मोठे, रंगीत व दिवसा वावरणारे जीव अधिक टिपले जातात. किडे, चिखलातील कृमी किंवा निशाचर लहान प्राणी दुर्लक्षित राहतात. नोंदी रस्त्यांजवळ व सुटीच्या दिवशी अधिक होतात, म्हणून एखाद्या भागात नोंद नाही याचा अर्थ तेथे जीव नाहीत, असा होत नाही. छायाचित्र पाहून निर्माण झालेली आस्था आपोआप संरक्षणात परिवर्तित होते, असेही म्हणता येत नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या उदाहरणात छायाचित्रांसोबत संशोधन, वन विभागाची बदललेली कार्यपद्धती, पत्रकारांचे प्रशिक्षण व वस्त्यांतील संवाद ही कामे एकाच वेळी चालली होती. वाघोबाच्या परंपरेत प्रतिमेबरोबर आचरणाची मर्यादा येत असे. कॅमेऱ्याने घेतलेल्या प्रतिमेसोबत तशी मर्यादा आपोआप येत नाही, ती छायाचित्रकाराला व पाहणाऱ्याला स्वतःहून पाळावी लागते.